पहाटे ३:५६ च्या आधी

२१ मार्च २०२४ च्या सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. दहा-बारा मिनिटांत दुसरा धक्का आला, ३.६ चा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा. हिंगोली, नांदेड आणि परभणी या तिन्ही जिल्ह्यांना हादरे बसले, लोक घराबाहेर आले. केंद्र कळमनुरी तालुक्याच्या बाजूला, म्हणजे आपल्या पूर्णा शहरापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर होतं. अकोल्याकडे जाणारी आपली रेल्वे वसमत-हिंगोलीवरून जाते, तोच हा पट्टा. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या परिसरात जमिनीतून आवाज येत असल्याच्या बातम्या कित्येक वर्षांपासून आपण वाचत आलो आहोत.

दोन-चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. तो मागे पडू नये, म्हणून हा घटनाक्रम मांडतो आहे. घटनाक्रम आहे ३० सप्टेंबर १९९३ चा, किल्लारीचा. किल्लारी पूर्णेपासून सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटरवर आहे. तिथे जे मेले ते आपल्यासारखेच मराठवाड्याचे लोक होते, आपल्यासारख्याच घरांत झोपलेले.

घटनाक्रम लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, म्हणून त्याला उलटे तास मोजता येतात. जगणाऱ्याला ती सोय नसते. किल्लारीच्या लोकांना चौदा महिन्यांत जे जे दिसलं, ते त्यांच्याच जागी उभं राहून पाहिलं पाहिजे.

चौदा महिने आधी

ऑगस्ट १९९२. औसा तालुक्यातल्या किल्लारी परिसरात जमीन हादरायला लागते. भांडी वाजतात, खालून गडगड ऐकू येते. एखादा धक्का असता तर विसरला गेला असता, पण हे धक्के येतच राहतात. आजूबाजूच्या गावांतून चौकशी सुरू होते. तेरणा नदीवर माकणीला धरण आहे, त्याच्या पाण्यामुळे हे होतंय का, असा संशय लोकांना येतो. हा संशय अगदीच निराधार नव्हता. कोयनेचा दाखला सगळ्यांसमोर होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली आणि धरण व भूकंप ही जोडी महाराष्ट्राच्या मनात पक्की बसली. माकणीचं धरण मात्र कोयनेच्या मानाने फार उथळ. किल्लारीच्या भूकंपाशी त्याचा कितपत संबंध, यावर शास्त्रज्ञांनी पुढे पुष्कळ वाद घातला.

त्या वेळचं शास्त्र काय म्हणत होतं? देशाच्या भूकंपप्रवण नकाशात पाच क्षेत्रं होती. पाचवं सर्वांत धोक्याचं, पहिलं सर्वांत कमी धोक्याचं. किल्लारी पहिल्या क्षेत्रात होती. दख्खनचं पठार म्हणजे जुना, घट्ट, न हलणारा खडक, असं शाळेच्या पुस्तकात होतं आणि इंजिनिअरच्या मनातही होतं. त्या खडकाची जाडी किल्लारीत खरोखर किती आहे, हे भूकंपानंतर खोल छिद्र घेऊन पाहिलं तेव्हा कळलं. काळा पाषाण जेमतेम ३३८ मीटर निघाला. त्याखाली कितीतरी जुना खडक होता, आणि तिथे युगानुयुगांचा ताण साठत होता.

साडेअकरा महिने आधी

१८ ऑक्टोबर १९९२. या मालिकेतला सर्वांत जोराचा धक्का बसतो. घरांना तडे जातात. लोक घाबरून बाहेर झोपायला लागतात.

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्या घटनाक्रमात हाच एक क्षण असा आहे की जिथून पुढचं बदलता आलं असतं. भूकंप टळला नसता. तो कुणाच्याच हातात नव्हता, त्याची तारीख सांगणारं शास्त्र तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. पण भिंतीला गेलेला तडा हा त्या घराचा जबाब होता. मोठा धक्का आला तर मी उभं राहणार नाही, एवढं ते घर स्पष्ट सांगत होतं. त्या वेळी वरची माती उतरवली असती, भिंती बांधून घेतल्या असत्या, निदान झोपायची जागा बदलली असती, तर पुढच्या वर्षी मेलेल्यांतले किती वाचले असते? आकडा मांडता येणार नाही. पण तो लहान नसता.

झालं असं की धक्के हळूहळू कमी झाले. थंडी पडली. माणूस घराबाहेर किती दिवस झोपणार? जनावरं आहेत, धान्य आहे, लेकरं आहेत. तड्यांवर मातीचा गिलावा फिरला आणि बिऱ्हाडं आत गेली. याचा दोष गावकऱ्यांना देववत नाही. पण ज्यांच्याकडे नकाशे होते, यंत्रणा होती आणि घरबांधणीचं ज्ञान होतं, त्यांनी त्या हिवाळ्यात गावोगाव जाऊन घरं तपासली नाहीत, दुरुस्त करून घेतली नाहीत. ही चूक मी सरकारच्याच पदरात टाकतो.

चार महिने आधी

मे संपत आलेला. मृग तोंडावर. मराठवाड्यात या दिवसांत घरोघरी एक काम असतं, ते म्हणजे माळवदावर माती टाकणं.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी लाकडाचे खांब. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर फळ्या किंवा किलचण, त्यावर पालापाचोळ्याचा किंवा कडब्याचा थर आणि मग माती. पांढऱ्या मातीचं माळवद पाणी झिरपू देत नाही. उन्हाळ्यात घर गार राहतं, थंडीत उबदार. वर मिरच्या वाळतात, पापड-कुरडया वाळतात, उन्हाळ्याच्या रात्री माणसं झोपतात. आपल्या हवेला इतकं साजेसं छप्पर दुसरं नाही, असं मी आजही म्हणेन.

पण पावसाने माती वाहून जाते, गळती लागते आणि दर वर्षी नवा थर पडतो. जुना कुणी काढत नाही. आजोबांच्या हातचा थर खाली, वडिलांचा त्यावर, आपला सगळ्यांत वर. भूकंपानंतर मोजमापं झाली तेव्हा कित्येक माळवदांवर दोन-दोन फूट, काही ठिकाणी त्याहून जास्त माती निघाली.

हिशेब करून पाहा. दहा फूट बाय पंधरा फुटांची एक खोली घ्या. वर दीड फूट माती. म्हणजे सव्वादोनशे घनफूट. कोरडी असली तरी तिचं वजन दहा टनांच्या आसपास भरतं, पावसात भिजली की आणखी वाढतं. एक भरलेला ट्रक डोक्यावर टांगून आपण त्याखाली अंथरूण घालतो.

आणि हे वजन कुणाच्या भरवशावर? तर भिंतींच्या. भिंती काळ्या दगडाच्या, दोन ते चार फूट रुंद. बाहेरून पाहिलं तर किल्ल्याची वाटावी अशी. पण आतून ती एक भिंत नसतेच, दोन असतात. बाहेरच्या अंगाला घडवलेला दगड, आतल्या अंगाला दुसरी रांग आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व माती भरलेली. दोन्ही बाजूंना एकत्र धरून ठेवणारा लांब, आरपार दगड बहुतेक घरांत नव्हता. चुना नाही, सिमेंट नाही, सगळी बांधणी मातीत. अशी भिंत उभा भार वर्षानुवर्षं पेलते. आडवी हलवली की मात्र मधला गोटा खाली बसतो, दोन्ही अंगं बाहेर फुगतात आणि फाकतात. मग माळवदाला खालून आधार राहतो तो फक्त लाकडी खांबांचा. जिथे खांब आणि तुळई यांचा सांधा पक्का होता तिथे माळवद अधांतरी उभं राहिलं. जिथे तुळई नुसती भिंतीत खोचलेली होती तिथे सगळं खाली आलं.

जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. किल्लारीत याच समजाने सर्वांत जास्त बळी घेतले. ज्याची ऐपत मोठी त्याचा वाडा मोठा, भिंत रुंद आणि माळवद जड. गावकुसाबाहेरच्या कुडाच्या झोपड्या आणि पत्र्याची हलकी घरं पुष्कळ ठिकाणी टिकली.

बारा तास आधी

२९ सप्टेंबर १९९३, बुधवार, दुपारी चार. अनंत चतुर्दशी. त्या वर्षीच्या गणपतीला वेगळं दडपण होतं. डिसेंबर-जानेवारीच्या दंगली आणि मार्चमधले मुंबईचे बॉम्बस्फोट यांना वर्षही उलटलेलं नव्हतं. राज्यभरचं पोलीस दल मिरवणुकांवर डोळा ठेवून होतं. मुंबईपासून जिल्ह्याजिल्ह्यांपर्यंत सगळे अधिकारी जागे राहण्याच्या तयारीत होते, पण त्यांचं लक्ष होतं रस्त्यांवर.

किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, पेठसांगवी, एकोंडी. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरची ही गावं. लातूर जिल्हाच मुळात १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा काढलेला, त्यामुळे सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं एकमेकांत गुंतलेलं. किल्लारी त्यातली मोठी, बाजाराची, नीळकंठेश्वराच्या जुन्या मंदिराची.

सहा तास आधी

रात्री दहा. गावोगाव विसर्जनं चाललेली. दहा दिवसांचं जागरण, शेवटची आरती, गुलाल, प्रसाद. परगावी असलेली मुलं सणाला घरी आलेली. लेकी माहेरी आलेल्या. घरात एरवीपेक्षा जास्त माणसं.

तीन तास आधी

रात्री एक. गुलाल धुऊन, थकून लोक झोपतात. उन्हाळा असता तर निम्मं गाव माळवदावर किंवा अंगणात असतं. सप्टेंबर अखेरच्या पावसाळी हवेत ते आत आहे. यापुढच्या तीन तासांत किल्लारीच्या लोकांबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही. ते झोपले होते.

वीस-पंचवीस मिनिटं आधी

मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार जागे आहेत. राज्यातली एकच मिरवणूक अडलेली आहे, ती आपल्या परभणीची. ती मार्गी लागून विसर्जन झाल्याचा निरोप येईपर्यंत ते झोपायला गेले नव्हते, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. पहाटे साडेतीननंतर निरोप येतो. राज्याचा गणेशोत्सव शांततेत पार पडला, असं त्या क्षणी सरकार समजून चालतं.

परभणीत मिरवणुकीतली माणसं त्या वेळी घराकडे परतत असणार. जिल्हा जागा होता. सव्वाशे-दीडशे किलोमीटर दक्षिणेला लोक गाढ झोपेत होते.

३:५६

जमिनीखाली दहा-बारा किलोमीटरवर खडक तुटतो. तीव्रता ६.२ ते ६.४. जगाच्या हिशेबात हा फार मोठा भूकंप नव्हे. दर वर्षी जगात असे शंभराच्या वर होतात, बहुतेक समुद्राखाली किंवा ओसाड जागी, नाहीतर फार खोलवर. हा झाला उथळ, आणि थेट गावांच्या खाली.

पहिली लाट दोन सेकंदांच्या आत वर पोहोचते. ती खालून ढकलते. आवाज येतो. वाचलेल्या कित्येकांनी स्फोटासारखा आवाज सांगितला आहे. साधारण सेकंदभरानंतर दुसरी लाट येते, आणि ती भिंतींना आडवी हलवते. पहिल्या धक्क्याने दचकून उठलेल्या माणसाला मिळालेला वेळ तो एवढाच, दीड सेकंदाच्या आत. अंधारात पांघरूण दूर सारायलाही तो पुरत नाही. बाहेर पडायचं तर अरुंद बोळ आणि दोन्ही बाजूंना त्याच भिंती.

तिसरा, चौथा, पाचवा सेकंद. दोन अंगांच्या भिंती फाकतात. दहा-दहा टनांची माळवदं खाली येतात. दगडाखाली माणूस जखमी होतो, मातीखाली त्याचा श्वास बंद होतो. किल्लारीत मातीने जास्त मारलं. पडलेल्या माळवदांची बारीक धूळ नाका-तोंडात गेली. ज्यांच्या अंगावर मोठी जखम नव्हती अशी माणसं ढिगाऱ्याखाली गुदमरून गेली.

विसाव्या-बाविसाव्या सेकंदाला पहिली लाट पूर्णेजवळ पोहोचली असेल आणि त्यानंतर पंधराएक सेकंदांनी हलवणारी दुसरी. हे गणित लाटांच्या वेगावरून सहज मांडता येतं. दोन मिनिटांच्या आत हादरा मुंबईत होता. मुख्यमंत्र्यांच्या खिडक्यांची तावदानं वाजली. त्यांनी पहिली चौकशी केली ती कोयनेकडे. महाराष्ट्रात भूकंप म्हणजे कोयना, हे राज्याच्या प्रमुखाच्याही मनात इतकं पक्कं होतं. कोयनेहून कळलं, केंद्र इथे नाही. लातूरकडे आहे.

नंतरचे तास

पाच वाजतात, सहा वाजतात. उजाडतं तसं दिसायला लागतं की गाव राहिलेलं नाही. तार-टेलिफोन बंद. बाहेरची मदत पोहोचेपर्यंत जे काही उकरलं गेलं ते हातांनी, पहारींनी, फावड्यांनी, आणि उकरणारे बहुतेक त्याच घरांतले होते. सकाळी मुख्यमंत्री किल्लारीत पोहोचले. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी यांच्या हाताखालची यंत्रणा कामाला लागली, पाठोपाठ लष्कर आलं. नंतर पाऊस आला. चिखलात ढिगारे उपसावे लागले. एकेका सरणावर अनेकांना अग्नी द्यावा लागला आणि सरणाला लाकूड आलं ते पडलेल्या माळवदांचंच. बघ्यांच्या गर्दीने मदतीच्या गाड्या अडवल्या, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा. इतर नोंदी साडेनऊ हजारांच्या पुढे जातात. सोळा हजारांच्या आसपास जखमी. बावन्न गावं पूर्ण उद्ध्वस्त. दावणीला बांधलेली जनावरं हजारोंनी गेली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं, बावन्न गावं नव्या जागी वसली. २००२ च्या नव्या नकाशात किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. नकाशा बदलला, पण माणसं गेल्यावर.

पूर्णेएवढं एक गाव

आता थोडं दूर जाऊ. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर कामाइशी नावाचं छोटं शहर आहे. २०११ मध्ये त्याची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास होती, आपल्या पूर्णेची पस्तीस-छत्तीस हजार. दोन्ही गावांत आणखी एक साम्य आहे. पूर्णेला मीटरगेजच्या दिवसांत रेल्वेने मोठं केलं, लोकोशेडने कुटुंबं पोसली. कामाइशी लोखंडावर मोठी झाली. जपानच्या आधुनिक पोलादाची सुरुवात याच भागात, १८५७ मध्ये झाली. १९८९ मध्ये तिथली शेवटची झोतभट्टी थंडावली आणि तरुण गाव सोडून जायला लागले. मीटरगेज गेल्यावर पूर्णेने जे पाहिलं, ते कामाइशीच्या लोकांना समजावून सांगावं लागणार नाही.

या किनाऱ्याला त्सुनामीचा जुना शाप आहे. १८९६ च्या जूनमध्ये बावीस हजारांच्या आसपास माणसं गेली, १९३३ च्या मार्चमध्ये तीन हजार. जवळच्या आनेयोशी या वस्तीत त्यानंतर एक दगड उभारला गेला. या जागेच्या खाली घरं बांधू नका, असं त्यावर कोरलं आहे. त्या वस्तीने ते पाळलं. २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली.

कामाइशीच्या बंदराबाहेर ६३ मीटर खोल पाण्यात बांधलेली लाटरोधक भिंत होती. २००९ मध्ये पूर्ण झालेली, जगातली सर्वांत खोल म्हणून विक्रमाच्या पुस्तकात गेलेली. ११ मार्च २०११, दुपारी २:४६. समुद्राखाली ९ तीव्रतेचा भूकंप. काही मिनिटांत पहिला इशारा आला, या प्रांतासाठी तीन मीटरच्या लाटेचा. तो फार कमी होता, नंतर वाढवत न्यावा लागला. पण उनोसुमाई भागातल्या माध्यमिक शाळेची मुलं इशाऱ्याच्या आकड्यासाठी थांबली नाहीत. ती धावली. शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलं आधी तिसऱ्या मजल्यावर गेली होती. मोठ्या मुलांना पळताना पाहून तीही खाली उतरून त्यांच्याबरोबर निघाली. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मुलांना ती जागाही सुरक्षित वाटेना, म्हणून सगळे आणखी वर गेले, मग आणखी वर. अर्ध्या-पाऊण तासात लाट आली. दोन्ही शाळा बुडाल्या. त्सुनामीच्या धोक्याच्या नकाशात या शाळा बुडणाऱ्या भागाच्या बाहेर दाखवलेल्या होत्या.

गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका कातादा काही वर्षं या शाळांतून शिकवत होते. त्यांचा पहिला धडा होता की नकाशावर आणि अंदाजांवर विसंबू नका. कामाइशीत हजाराच्या आसपास माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, पण त्या दिवशी शाळेत असलेली जवळजवळ तीन हजार मुलं वाचली. त्याच उनोसुमाईत दुसरीही गोष्ट घडली, आणि ती सांगितल्याशिवाय पहिली पुरी होत नाही. तिथल्या आपत्ती निवारण केंद्रात शंभराहून जास्त लोक आसऱ्याला गेले आणि बुडाले. त्सुनामीसाठी ठरलेली जागा ती नव्हतीच. पण सराव तिथे घेतले जात होते, घरापासून जवळ पडतं म्हणून. लोक सरावाप्रमाणेच वागले. सराव चुकीच्या जागी घेतला होता.

कामाइशीची मुलं वाचली कारण त्यांना अर्धा तास मिळाला आणि तो कसा वापरायचा हे माहीत होतं. किल्लारीला दीड सेकंद मिळाला. दीड सेकंदात कुणीच काही करू शकत नाही. त्यामुळे आपल्या मराठवाड्यात पळण्याच्या सरावाचा उपयोग मर्यादित आहे. आपला सगळा वेळ धक्क्याच्या आधीचा आहे आणि आपलं सगळं काम घराचं आहे. किल्लारीलाही तो वेळ होता, चौदा महिन्यांचा.

आज

मोठा भूकंप येणारच, असं मी म्हणत नाही. म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हिंगोलीकडचे धक्के तिथेच विरून जातील, अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि तसं होण्याची शक्यताही पुष्कळ आहे. पण १९९२ च्या हिवाळ्यात किल्लारीतही लोकांनी हेच धरलं होतं.

पूर्णा शहरात आणि तालुक्यातल्या खेड्यांत अजून जुनी माळवदं आहेत. काही घरांत आता फक्त म्हातारी माणसं राहतात, कारण मुलं पुण्याला, नाहीतर औद्योगिक वसाहतींत. या माणसांच्या डोक्यावर किती माती आहे, हे कुणी मोजलेलं आहे का? ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने एक उन्हाळा एवढंच काम केलं तरी पुष्कळ आहे. एक शिडी आणि एक टेप, एवढंच सामान लागतं.

आणि ज्यांच्या घरावर माळवद आहे त्यांना हात जोडून सांगणं आहे. किल्लारीनंतर घरं मजबूत करण्याच्या कामात इंजिनिअरांनी जे सांगितलं ते आपल्या गवंड्याला आणि सुताराला करता येण्यासारखं आहे. पाऊस लागायच्या आत माळवदावर नवी माती टाकू नका. उलट जुनी उतरवा आणि वीतभर ठेवा. गळू नये म्हणून खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरके लाकडी आधार ठोकून घ्या. भिंत फुगलेली दिसली की गिलावा करून झाकू नका. ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरून दोन्ही अंगं जोडून घ्या. हे काम माहितगार माणसाला दाखवून, थोडं थोडं करा, सगळी भिंत एकदम उकरू नका. सगळं जमत नसेल तर घरातली एक खोली हलकी आणि पक्की करा आणि घरातल्या सगळ्यांची अंथरुणं त्या खोलीत घाला.

येत्या मे महिन्यात वर चढाल तेव्हा मातीची पाटी वर नेऊ नका, खाली आणा.